कुरव आणि बोटुकली: एका मामा तलावाचं प्रकरण

अर्ज दोन ओळींचा होता. ‘तलावात पांढरे पक्षी मोठ्या संख्येने येऊन संस्थेने सोडलेले मत्स्यबीज फस्त करीत आहेत. तरी त्यांचा तात्काळ बंदोबस्त व्हावा, ही विनंती.’ खाली मच्छीमार सहकारी संस्थेचा शिक्का आणि अध्यक्षांची सही. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक मत्स्य कार्यालयाला, एक वनखात्याला. वनरक्षकाने आपली प्रत आमच्या निसर्ग मंडळाकडे सरकवली. त्याच्या मते पांढरे पक्षी म्हणजे बगळे, आणि बगळ्यांचा बंदोबस्त कसा करायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीकडचं. नाव मुद्दाम देत नाही. तलाव मालगुजारी, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी उतार, माती आणि ओढ्याची चाल पाहून बांधले, मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात राखले गेले आणि ती पद्धत संपल्यावर सरकारकडे आले. पाळ मातीची, पाणी सोडायला तुडूम, खाली धानाच्या बांध्या. शेतकऱ्याला पाणी लागतं आणि ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, मासोळी. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो आणि ठेक्याचे पैसे मासोळी हाती येण्याआधीच भरावे लागतात. पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळचं बीज विकत आणून सोडायचं आणि हिवाळ्यापासून जाळी टाकायची, असा त्यांचा हिशेब. लागोपाठ दोन वर्षं मासोळी कमी निघाली होती. अशा वेळी डोळ्यांसमोर पन्नास-साठ पांढरे पक्षी पाण्यावर घिरट्या घालताना दिसले, तर माणूस दुसरा गुन्हेगार शोधायला जाणारच नाही.

आम्ही तलावावर जायचं ठरवत होतो, तोच डिसेंबरातल्या एका सकाळी अध्यक्षांचा फोन आला. “सर, आमच्या जाळ्यात तुमचा पक्षी अटकला जी. मरून राहिला. लवकर या.”

पक्षी ‘तुमचा’ होता, ही वाटणी मला आवडली.

तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याच्या, जाळ्याचे फेरे उजव्या पंखाला आणि एका पायाला बसले होते. एका म्हाताऱ्या काकांनी तो डोंग्यातून आणून पोत्याखाली झाकून ठेवला होता, आणि तेच बरोबर होतं. अंधारात पक्षी शांत होतो, फडफड थांबते, तंगूस आणखी मांसात रुतत नाही. हातमोजे आणि तोंडावर मास्क घालून लहान कात्रीने एकेक फेरा कापला. ओढून काढायचा मोह होतो, पण ओढलं की कातडी सोलते. पंखाचं हाड शाबूत होतं, कातडीला काप होता. चोचीत पाणी ओतू दिलं नाही. एका मुलाने प्रेमाने पाव आणला होता, तोही परत पाठवला. वनरक्षकाला कळवलं, पक्ष्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. अभ्यासक ओळखीसाठी घालतात ती कडी पायात नव्हती. दोन रात्री खोक्यात काढून, बारीक मासोळी खाऊन तो तिसऱ्या दिवशी तलावावरून उडाला. पक्ष्याच्या बाजूने प्रकरण एवढंच आहे.

पण खोक्यात बंद करण्याआधी तो जवळून पाहता आला, आणि अर्जाचं अर्धं उत्तर त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं.

आकाराने डोमकावळ्यापेक्षा थोडा कमी, पण पंख लांब. पाठ फिकट राखाडी, पोट पांढरं, चोच आणि पाय लाल, चोचीचं टोक काळपट. डोकं पांढरं आणि डोळ्यामागे काजळ पुसल्यासारखा एक गडद डाग. पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके. बुबुळाभोवतीचं कडं फिकट, जवळजवळ पांढरट. हा तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगलची एक जात, आणि पूर्ण वाढलेला. पहिल्या वर्षाच्या पिल्लाला पंखावर तपकिरी नक्षी असते, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असतो आणि पंखात हे ठिपके नसतात. त्याचा चुलतभाऊ काळ्या डोक्याचा कुरव अंगाने जरा लहान, चोच बारीक, डोळा गडद, पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात, त्यामुळे नावावरून ओळखायला गेलं की फसगत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तपकिरी टोपी चढू लागते आणि ती पूर्ण होते न होते तोच पक्षी निघून जातो.

निघून जातो तो कुठे, हा या प्रकरणाचा कणा आहे.

कुरव म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या मागे वेफर्ससाठी झेपावणारे थवे, हर्णैच्या बंदरात लिलाव चालू असताना होड्यांभोवती उडालेला गोंधळ. त्यामुळे हा समुद्राचा पक्षी, असं आपण धरून चालतो. पण तपकिरी डोक्याच्या कुरवाचा जन्म समुद्रापासून फार लांब होतो. मध्य आशियाच्या उंच पठारांवर, तिबेटात आणि आपल्या लडाखमध्ये त्यांच्या विणीच्या वसाहती आहेत. त्सो मोरिरी आणि त्सो कर ही सरोवरं समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या आसपास. तिथे बर्फ हटल्यावर दलदलीत आणि बेटांवर, जमिनीवरच गवताची घरटी, त्यात बहुतेक दोन-तीन अंडी. नवेगावबांधच्या परिसरात हिवाळी पाहुणे म्हणून ओळखले जाणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, तेही याच मुलखात वीण करतात. पठारं गोठायला लागली की कुरव दक्षिणेला उतरतात आणि भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर पसरतात. वाटेत मोठं पाणी दिसलं तर थांबतात, खायला मिळालं तर हिवाळाही काढतात. आपल्या जिल्ह्यातच गोसीखुर्दचा जलाशय आहे, पलीकडे इटियाडोह आहे. तिथून एखाद्या मामा तलावावर येणं या पक्ष्याला काहीच नाही.

खाऱ्या पाण्यावरून गोड्या पाण्यावर आल्याने त्याचं अडत नाही, हेही जाता जाता सांगतो. कुरवाच्या डोळ्यांवर, कवटीच्या खोबणीत मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या ओढून घेतात आणि ते दाट पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाकडे ओघळतं. समुद्रावर या ग्रंथी राबतात, मामा तलावावर त्यांना जवळपास सुट्टी.

आता संस्थेचं वेळापत्रक त्याच्या शेजारी मांडू. रोहू, कतला, मृगळ यांची वीण पावसाळ्यातली. जुलै-ऑगस्टमध्ये केंद्रांवर जिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, तयार होतात, संगोपन तळ्यात वाढून त्यांची बोटाएवढी बोटुकली होते आणि ती तलावात सोडली जाते. या संस्थेच्या वहीत बीज सोडल्याच्या नोंदी ऑगस्टच्या शेवटच्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या होत्या. त्या दिवसांत या गावात एकही कुरव नव्हता. तेव्हा ते वाटेत होते किंवा पठारावरच पिल्लं सांभाळत होते. इथे ते दिवाळीच्या पुढेमागे दिसायला लागले, हे गावातल्या तीन वेगवेगळ्या माणसांनी आपापलं सांगितलं. तोवर बोटुकलीला दोन-अडीच महिने झाले होते.

हे संस्थेच्या बैठकीत सांगितल्यावर अध्यक्षांनी जो प्रश्न विचारला तो माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस होता. “बरं जी, आल्यावर तं खाते ना? मासोरी मोठी झाली म्हणून का सोडून देईल?”

त्यासाठी चोचीकडे आणि पिसांकडे यावं लागतं. या कुरवाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तो मासा फाडून खाऊ शकतो, पण जिवंत, तगडा मासा पकडून धरून ठेवण्याची त्याची ऐपत नाही. गिळता येईल एवढाच मासा त्याच्या कामाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो बुडी मारून पाठलाग करत नाही. त्याची पिसं पाणी धरत नाहीत, तो बुचासारखा तरंगतो. हवेतून झेपावला तरी पाण्याच्या वरच्या वीतभरातलंच त्याच्या हाती लागतं. पाणकावळ्याचं याच्या अगदी उलट. त्याची पिसं भिजतात, अंग जड होतं, म्हणून तो पाण्याखाली माशामागे पोहू शकतो आणि नंतर पंख पसरून वाळवत बसतो. तीन जातींमध्ये मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, आणि वरच्या थरात असतो फक्त कतला. म्हणजे कुरवाच्या टप्प्यात आलाच तर कतला येणार. पण तिघांत सगळ्यात झपाट्याने वाढतो तोही कतलाच. डिसेंबरात जाळ्यात येणारे कतले कुरवाच्या घशापेक्षा कितीतरी रुंद होते. काकांनी ते हाताने मापून दाखवलं आणि स्वतःच हसले.

मग हे पक्षी दिवसभर खात काय होते? तलावाच्या एका बाजूला पाणी ओसरून वर आलेला मातीचा उंचवटा आहे, थवा दुपारी तिथे बसायचा. कुरव न पचलेला भाग गोळी करून ओकून टाकतात. तिथल्या गोळ्या कागदी पाकिटांत गोळा केल्या, वाळवल्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुईने सोडवल्या. बारीक खवले, केसासारखे काटे, झिंग्यांची कवचं, भुंग्यांचे चकचकीत कठीण पंख, आणि काहींत चक्क धानाचा कोंडा. कार्प कुळातल्या माशांना दात जबड्यात नसतात, घशात असतात, आणि ते हाड पचत नसल्याने गोळीत सापडतं. आम्हाला सापडली ती घशाची हाडं तांदळाच्या कणीएवढी होती. म्हणजे तलावात आपोआप वाढणारी गावठी बारीक मासोळी. डिसेंबरातल्या रोहू-कतल्याचं ते हाड याच्या कितीतरी पट मोठं असतं. भुंगे आले कुठून, हे जानेवारीत कळलं. उन्हाळी धानासाठी बांध्यांत चिखलणी सुरू झाली आणि ट्रॅक्टरच्या मागे बगळ्यांच्या रांगेत दोन-चार कुरवही उतरलेले दिसले.

इथे प्रकरण संपवून ‘पक्षी निर्दोष’ असा शेरा मारता आला असता. बऱ्याच पक्षीप्रेमी मंडळींच्या अहवालांत तसंच होतं. मासेमाराला अडाणी ठरवायचं आणि दुर्बीण गळ्यात घालून परत यायचं. पण एक प्रश्न उरत होता. गिळता येणारी मोठी मासोळी नाही, तर हा पक्षी जाळ्यात शिरला कशाला?

उत्तर काकांनी डोंग्यात टाकलेल्या मासोळीत होतं. त्यांच्या ढिगातले काही कतले खराब झालेले होते, डोळे नव्हते, कल्ल्याजवळ खड्डे होते. व्यापारी असे मासे घेतच नाही किंवा निम्म्या भावाने घेतो. संस्थेचा राग खोटा नव्हता. नुकसान होत होतं, फक्त ते अर्जात लिहिलं होतं तिथे होत नव्हतं. आम्ही खराब मासे वेगळे काढून बघायला लागलो. तीन प्रकार दिसले. काहींच्या पोटाशी आणि पंखांच्या कडांशी कुरतडलेलं, हे खेकड्यांचं काम. काहींच्या अंगाचा अर्धगोल लचका गेलेला, ते कासव. आणि काहींचे वरच्या बाजूचे डोळे आणि कल्ले टोचलेले. या तिसऱ्या प्रकारचे मासे जाळ्याच्या वरच्या दोरीलगत, तरंगत्या बाजूला अडकलेले होते. खालच्या बाजूला अडकलेल्यांत असा एकही सापडला नाही. कुरवाची चोच पोचते ती तिथवरच.

जाळी संध्याकाळी लागत होती. पूर्वी ती झुंजुमुंजू व्हायच्या आत उचलली जायची. पण डिसेंबरातली थंडी, डोंग्यात ओल्या दोऱ्या ओढणारे हात बहुतेक साठीच्या पुढचे, पोरं नागपूर-पुण्याला कामाला. आठ-साडेआठपर्यंत जाळी पाण्यातच. उजाडल्यापासून तेवढा वेळ वर तरंगणारा, अडकून दमलेला मासा म्हणजे कुरवासमोर वाढून ठेवलेलं ताट. किनाऱ्यावर होडीमागे जायची त्याची जी सवय, तीच त्याने इथे डोंग्यामागे आणली होती. शिवाय जाळं सोडवताना मेलेली, विकली न जाणारी बारीक मासोळी पाळीजवळच फेकली जायची. थवा रोज सकाळी त्याच जागी का जमतो, याचं कारण तेच होतं. ज्या पक्ष्याला आम्ही कात्रीने सोडवलं, तो अशाच एका माशाला टोचताना गुंतला असणार. काप पंखाच्या वरच्या बाजूला होता आणि जाळ्याच्या त्याच भागात टोचलेला कतला लटकत होता.

या सगळ्याच्या मध्ये एक वाईट दिवस आला. बैठकीत कोणीतरी थिमेट या जहाल कीटकनाशकाचं नाव काढलं. विषारी मासोळी पाळीवर टाकायची, दोन दिवसांत तलाव साफ. हे बोलणारा माणूस दुष्ट नव्हता, ठेक्याचा हप्ता त्याच्या डोक्यावर होता. कायद्याचा धाक दाखवून अशी गोष्ट थांबत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे आणि तरीही हे विष वापरलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दोनच गोष्टी विचारल्या. विष टाकलेली मासोळी गावातल्या कुत्र्याने, कोंबडीने, एखाद्या पोराने उचलली तर? आणि व्यापाऱ्याला कळलं की या तलावात विष पडलं, तर तुमचा मासा घेईल कोण? तिसरी गोष्ट काकांनी काढली. राज्यात सारस उरलेत ते गोंदिया-भंडाऱ्याकडेच, आणि सारसाची एक जोडी या तलावाखालच्या बांध्यांत उतरते. “सारस मेला तं गावाले पाप लागंल,” एवढंच ते म्हणाले. विषय तिथे संपला. माझ्या कोणत्याही मुद्द्यापेक्षा ते वाक्य जड होतं.

बर्ड फ्लूची भीतीही निघाली, आणि ती मी उडवून लावली नाही. २००५ च्या मे महिन्यात चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर या रोगाने हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब होते आणि हेच तपकिरी डोक्याचे कुरवही होते. त्यानंतर काही महिन्यांत, फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याकडे नवापूरच्या कोंबड्यांत भारतातला पहिला प्रादुर्भाव सापडला. म्हणून नियम साधा ठेवला. एखादा पक्षी जाळ्यात गुंतून मेला तर कारण समोर दिसतं. पण बाहेरून जखम नसलेले पक्षी एकाच वेळी ठिकठिकाणी मेलेले दिसले, तर हात लावायचा नाही, मुलांना आणि कोंबड्यांना दूर ठेवायचं आणि पशुसंवर्धन विभागाला फोन करायचा. त्या हिवाळ्यात तसं काही घडलं नाही.

संस्थेने बदल केले ते स्वतःच्या सोयीने केले. जाळी उचलायला दोन तरुण रोजीने लावले आणि उजाडायच्या आत जाळी वर येऊ लागली. वरच्या दोरीचे बुचे कमी करून जाळं वरच्या पाण्यापासून हातभर खाली बसवलं. कतला थोडा कमी लागतो अशी कुरकुर झाली, ती खरीही होती, पण चांगल्या भावाने विकला जाणारा मासा वाढला. फेकायची मासोळी आता पाळीपलीकडच्या खड्ड्यात जाते आणि वर माती पडते. टोचलेले मासे एखाद-दुसऱ्यावर आले. खेकडे आणि कासवांनी आपलं काम चालू ठेवलं, त्यांना वेळापत्रक लागू नव्हतं. कुरवांची संख्याही घटली, पण ते पूर्ण गेले नाहीत. मार्चच्या सुरुवातीला काहींच्या डोक्यांवर तपकिरी ठिपके उमटलेले दिसले आणि होळीनंतर उंचवटा रिकामा झाला.

एक ठिकाण असं आहे जिथे संस्थेचा संशय खरा ठरू शकतो, ते मी लेखी दिलं आहे. काही संस्था बीज उशिरा मिळाल्यावर ते दिवाळीनंतर सोडतात, किंवा पाळीजवळच्या उथळ कोपऱ्यात जाळीचं कुंपण घालून बोटुकली वाढवतात. पाणी गुडघाभर, मासा बोटाएवढा आणि कुरव हजर, असं झालं तर तो खाणारच. तिथे वरून जाळी अंथरणं किंवा बीज पावसाळ्यातच सोडणं, याला पर्याय नाही. आणि दोन वर्षं मासोळी का घटली, याचा शोध कुरवापाशी थांबू नये, हेही त्यात आहे. तलावात गाळ किती साचला आहे, उन्हाळी धानासाठी तुडूम उघडल्यावर पाणी किती उरतं, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून किती बोटुकली वाहून जाते, हे मोजायला हवं. सांडव्याला जाळी लावायचा ठराव झाला आहे, पैसे कोण देणार यावर अडला आहे.

जुना अर्ज संस्थेने मागे घेतला. पुढच्या बैठकीसाठी नवा तयार आहे, तो पाणकावळ्यांविरुद्ध आहे, आणि त्यात दम आहे.